जालन्याचं सोयाबीन, मुंबईचं जपानी ताट

मुंबईत कुलाब्याला, लोअर परळला किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात एखाद्या जपानी किंवा 'एशियन' रेस्टॉरंटचं मेन्यूकार्ड उघडलं की अनोळखी नावांची रांग लागते. मिसो सूप, एडामामे, आगेदाशी टोफू, तेरियाकी, रामेन, सुशी, डिमसम. ही यादी शेतकऱ्याच्या नजरेनं वाचून पाहावी. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. एडामामे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा. टोफू सोयाबीनच्या दुधाचा. तेरियाकीची चकाकी सोया सॉसची, रामेनच्या रश्श्याला खोली देणारा तोच सॉस आणि सुशीशेजारच्या चिमुकल्या वाटीतही तोच. पूर्व आशियाच्या स्वयंपाकातून हे एक कडधान्य काढून घेतलं तर त्यातली निम्मीअधिक चव नाहीशी होईल.

हेच कडधान्य पावसाळ्यात जालना जिल्ह्यात मंठा-परतूरपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं असतं. आपल्याकडं ते पेरलं जातं, सोंगलं जातं, मळलं जातं, मोंढ्यावर नेलं जातं आणि तिथून पुढं तेल आणि पेंड एवढ्याच दोन रूपांत ओळखलं जातं. ज्या दाण्यापासून जपाननं जगभर मान्यता पावलेली खाद्यसंस्कृती उभी केली, तो दाणा आपण पिकवतो, पण खायला अजून नीट शिकलेलो नाही. मोठ्या शहरातल्या आशियाई रेस्टॉरंटांची गोष्ट जालन्याच्या शिवारापर्यंत आणून पाहायची ती यासाठी.

मुंबईच्या ताटात आशिया कसा आला

आपल्या देशातल्या चिनी खाण्याची सुरुवात कोलकात्यात झाली. तिथं स्थायिक झालेल्या हक्का समाजाची वस्ती टांगरा भागात होती. कातडी कमावण्याचे कारखाने चालवता चालवता या लोकांनी खाणावळी काढल्या, आणि भारतीय जिभेला रुचेल असं तिखट, लसणाचं, रस्सेदार चिनी जेवण घडत गेलं. मुंबईत कुलाब्याचं नानकिंग आणि चर्चगेटचं कमलिंग ही चिनी रेस्टॉरंटं अनेक वर्षं नावाजलेली होती. सत्तरच्या दशकात ताजमहाल हॉटेलातल्या 'गोल्डन ड्रॅगन'नं सिचुआन प्रांताची तिखट पद्धत शहराला दाखवली.

याच दशकात एक पदार्थ जन्माला आला आणि त्यानं पुढं सगळा देश पादाक्रांत केला. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करत होते. १९७५ च्या सुमारास त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली. मात्र पुढं गरम मसाला न घालता सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरनं रस्सा दाट केला आणि त्यात कोंबडीचे तळलेले तुकडे सोडले. तो चिकन मंच्युरियन. मंचुरियात हा पदार्थ कोणी खात नाही. तो मुंबईचा आहे. वांग यांनी नंतर 'चायना गार्डन' काढलं. मंच्युरियनमध्ये कोंबडीची जागा फ्लॉवरनं आणि कोबीच्या गोळ्यांनी घेतली आणि तो शाकाहारी घरांतही शिरला. आज जालन्यात संध्याकाळी चायनीजच्या गाडीवर मोठ्या आचेवर लोखंडी कढई हलत असते तेव्हा तिच्यात शिजतं ते याच वंशावळीतलं. सोया चिली, चायनीज भेळ, शेजवान राईस हे पदार्थ ना पूर्ण चिनी, ना जुने मराठी. आपल्या माणसांनी आपल्या भुकेसाठी केलेला तो मेळ आहे.

जपानी जेवण मात्र उशिरा आलं. जपान आणि मुंबई यांचा संबंध तसा जुना आहे. १८९३ मध्ये जमशेदजी टाटा आणि 'निप्पॉन युसेन' ही जपानी जहाज कंपनी यांच्या सहकार्यानं कोबे-मुंबई जलमार्ग सुरू झाला, तो प्रामुख्यानं हिंदुस्थानी कापूस जपानी गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी. व्यापार वाढला, पण जपानी स्वयंपाकघर आपल्यापर्यंत पोचलं नाही. कच्च्या माशाची धास्ती हे एक कारण होतं. ताजा मासा, खास तांदूळ आणि हाताशी कसलेला आचारी यांचा खर्च हे दुसरं. २००४ मध्ये ताजमहाल पॅलेसमध्ये मासाहारू मोरिमोतो या नामवंत जपानी आचाऱ्याच्या नावानं 'वसाबी' सुरू झालं, आणि उंची जपानी जेवण मुंबईत रुजायला लागलं. त्याच्या आधी, १९९७ मध्ये, पुण्यात चंदावरकर दांपत्यानं 'मलाका स्पाइस' काढून आग्नेय आशियाचं जेवण कोरेगाव पार्कात आणलं होतं. पुढच्या दोन दशकांत वाट रुंद झाली. २०१४ मध्ये फोर्ट भागात सुरू झालेल्या 'बर्मा बर्मा'नं तर पूर्ण शाकाहारी बर्मी जेवण लोकांसमोर ठेवलं. बर्मातल्या शान लोकांचा टोफू सोयाबीनचा नसतो. तो हरभऱ्याच्या पिठाचा, घोटून, थापून, वड्या पाडलेला असतो, थेट आपल्या पाटवडीसारखा.

मुंबई-पुण्यातल्या या रेस्टॉरंटांना आणखी एक गोष्ट करावी लागली, ती म्हणजे शाकाहारी आणि जैन गिऱ्हाइकांसाठी नवा मेन्यू. शतावरी, ॲव्होकाडो, काकडी, आंबा यांची सुशी; कांदा-लसूण वगळलेलं रामेन; तळलेला टोफू. शाकाहारी वाचकानं इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा, दाशी, बहुधा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरी दिलेल्या माशाच्या चकत्या यांचा असतो. त्यामुळं मिसो सूपमध्ये मासा दिसला नाही तरी त्याचा अर्क असू शकतो. कोंबू आणि वाळलेल्या शिटाके अळंब्यांची दाशी पूर्ण शाकाहारी असते. मागवण्यापूर्वी विचारून घ्यावं; चांगलं स्वयंपाकघर नीट उत्तर देतं.

मिश्रण ही जुनीच रीत

फ्यूजन हा आजकालचा खेळ आहे, खरं जपानी ते वेगळंच, असं बऱ्याच जणांना वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. पीठ लावून तळण्याची तेंपुरा ही पद्धत जपाननं सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून घेतली. त्याच पोर्तुगिजांनी गोव्यात मिरची आणि पाव आणले, आणि आज मिरचीशिवाय मराठी स्वयंपाकाची कल्पनाही करवत नाही. रामेनच्या शेवया चीनमधून जपानला गेल्या. जपानी माणसाची आवडती करी ही मेइजी काळात इंग्रजांच्या मार्फत पोचलेली हिंदुस्थानी आमटी आहे. पुढं क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला निसटून गेले आणि टोकियोतल्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांनी त्यांना आसरा दिला. बोस त्या घरचे जावई झाले, आणि १९२७ मध्ये नाकामुरायानं त्यांच्या पद्धतीची अस्सल हिंदुस्थानी करी विकायला सुरुवात केली. ती तिथं आजही मिळते.

सोयाबीनचाही प्रवास असाच. त्याचं मूळ चीनमध्ये. तिथून टोफू आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तंत्र जपानला गेलं. बौद्ध धर्म सहाव्या शतकात चीन-कोरियामार्गे जपानमध्ये पोचला आणि सातव्या शतकात सम्राट तेन्मू यानं ठरावीक जनावरांच्या मांसावर बंदी घातली. झेन मठांमध्ये 'शोजिन रयोरी' ही मांसविरहित स्वयंपाकाची परंपरा रुजली. मांस नाही तर प्रथिनं कुठून मिळणार? भिक्षूंनी त्याचं उत्तर सोयाबीनमध्ये शोधलं. टोफू, मिसो, सोया दुधावरची साय काढून केलेली युबा हे सगळं या गरजेतून परिपूर्ण होत गेलं. भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, इथल्या दानशूरांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. ज्या धम्मासाठी आपल्या भागातल्या माणसांनी दान दिलं, तो जपानपर्यंत गेला आणि तिथल्या मठांनी सोयाबीनला ताटाच्या मध्यभागी आणलं. शाकाहारी माणसासाठी प्रथिनांची सोय हा प्रश्न त्यांचा होता तसाच आपलाही आहे.

चवीचं शास्त्र

सोया सॉसचे चार थेंब पडले की साध्या भाताला चव का येते? हे कोडं १९०८ मध्ये टोकियो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुने इकेदा यांनी सोडवलं. कोंबूच्या रश्श्याची चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही हे त्यांना जाणवलं. त्यांनी त्या शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी 'अजिनोमोटो' ही पूड बाजारात आली. चायनीजच्या गाडीवर चिमटीनं टाकली जाते ती हीच. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं आणि माणसाच्या शरीरातही तयार होतं. नेहमीच्या स्वयंपाकातल्या प्रमाणात ते सुरक्षित मानलं जातं. या पदार्थांत जास्त सांभाळायचं असतं ते मीठ.

प्रथिनाला स्वतःची अशी चव जवळजवळ नसते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती तुटून ग्लुटामेटसारखे छोटे दुवे सुटे झाले की जिभेला त्यांची खूण पटते. सोयाबीनमध्ये प्रथिन सुमारे ४० टक्के, म्हणजे आपल्या तूर-हरभऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. इतकं प्रथिन असलेला दाणा फोडायचा कसा, हा मुख्य प्रश्न. जपाननं ते काम एका बुरशीवर सोपवलं.

तिचं नाव ॲस्परजिलस ओरायझी. तांदूळ, जव किंवा सोयाबीन वाफवून त्यावर ती वाढवली की तयार होतं त्याला कोजी म्हणतात. जपानच्या मद्यनिर्मिती संस्थेनं २००६ मध्ये या बुरशीला राष्ट्रीय बुरशी म्हणून गौरवलं. सोया सॉस करताना वाफवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू साधारण समप्रमाणात मिसळतात आणि त्यावर कोजीची बीजं पेरतात. दोन-तीन दिवस उबेत आणि दमटपणात ठेवल्यावर त्यावर बुरशीचं आवरण चढतं. मग ते मिठाच्या पाण्यात सोडतात. या मिश्रणाला मोरोमी म्हणतात. पुढचे सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ मोरोमी आंबत राहते. बुरशीची विकरं प्रथिनांची अमिनो आम्लं करतात आणि गव्हातल्या पिठूळ भागाची साखर करतात. खारात तग धरणारे यीस्ट आणि जिवाणू त्या साखरेपासून सुगंध, थोडा आंबटपणा आणि किंचित अल्कोहोल तयार करतात. साखर आणि अमिनो आम्लं यांच्या संयोगातून तो लालसर तपकिरी रंग येतो. शेवटी मिश्रण कापडातून दाबून गाळतात आणि तापवून बाटलीत भरतात. टोकियोजवळच्या नोदा गावात अशा सॉसचे कारखाने चालवणारी घराणी १९१७ मध्ये एकत्र आली. त्यांचीच आजची किक्कोमान कंपनी.

आपल्या किराणा दुकानात मिळणाऱ्या स्वस्त काळ्या सॉसच्या बाटल्यांतल्या बऱ्याच या वाटेनं आलेल्या नसतात. सोयाबीनची पेंड आम्लात उकळली तर प्रथिनं काही तासांतच तुटतात. मग आम्ल शमवून त्यात कॅरामलचा रंग, मीठ आणि साखर घातली की सॉस तयार. या पद्धतीत ३-एमसीपीडी नावाचा नको असलेला पदार्थ तयार होऊ शकतो, म्हणून अनेक देशांनी त्यावर मर्यादा घातल्या आहेत. बाटलीवरची घटकांची यादी वाचणं हा ओळखण्याचा सोपा मार्ग. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढीच नावं असतील आणि आंबवल्याचा उल्लेख असेल तर सॉस मुरवलेला आहे. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' आणि रंगाचं नाव वर असेल तर तो झटपट केलेला आहे.

एक दाणा, किती रूपं

मिसोमध्ये शिजवून ठेचलेलं सोयाबीन, मीठ आणि तांदळाची किंवा जवाची कोजी असते. काही आठवडे मुरलेला मिसो फिकट आणि गोडसर, वर्ष-दोन वर्षं मुरलेला गडद आणि तीव्र. आइची प्रांतात ओकाझाकीचा हाच्चो मिसो निव्वळ सोयाबीनचा असतो आणि लाकडी पिंपांवर दगडांची रास रचून तो दोन वर्षांहून जास्त मुरवतात.

टोफूचं काम वेगळं. तो एका दिवसात होतो. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, पाण्यासह वाटायचं, उकळून गाळायचं. जे दूध मिळतं त्यात मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट विरघळवून घातलं की प्रथिनं गोठतात. पाणी निथळून दाबलं की टोफू तयार. आपल्याकडं त्याला सोया पनीर म्हणतात. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू निघतो. गाळताना उरलेला चोथा, जपानीत ओकारा, तंतुमय आणि प्रथिनयुक्त असतो. तो पिठात मिसळता येतो, जनावरांनाही चालतो.

इंडोनेशियाच्या जावा बेटावर शिजवलेल्या सोयाबीनवर रायझोपस ही दुसरी बुरशी वाढवून टेंपे नावाच्या घट्ट वड्या करतात. जपानचा नात्तो जिवाणूंनी आंबवलेला, चिकट आणि उग्र वासाचा. ही सगळी परदेशातली उदाहरणं झाली, पण असं ज्ञान आपल्या देशातही आहे. नागालँडचं आखुनी, मणिपूरचं हवाइजार, मेघालयाचं तुंगरिंबाई आणि सिक्कीमचं किनेमा ही सगळी आंबवलेल्या सोयाबीनची रूपं आहेत. ईशान्य भारतातल्या घराघरांत शतकानुशतकं चालत आलेलं हे तंत्र महाराष्ट्रातल्या सोयाबीनपट्ट्यापर्यंत मात्र पोचलेलं नाही.

त्याचं कारण सोयाबीन आपल्याकडं ज्या वाटेनं आलं त्यात आहे. कुमाऊंच्या डोंगरात काळं सोयाबीन, म्हणजे भट, पूर्वीपासून खाल्लं जात होतं. पिवळं सोयाबीन साठच्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्यानं जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांमधून पसरलं. तेलबिया म्हणून ते आलं आणि तेलबिया म्हणूनच राहिलं. पिकाबरोबर बियाणं आलं, खत-फवारणीचं वेळापत्रक आलं, पण त्याच्या पाककृती आल्या नाहीत.

जालन्यातला दाणा कुठं जातो

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला तेव्हा इथल्या खरिपाची ओळख कापूस, ज्वारी, बाजरी, मूग आणि उडीद ही होती. नव्वदच्या दशकात जबलपूरचं जेएस ३३५ हे वाण आलं आणि चित्र पालटलं. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, त्यामुळं त्याच रानात रब्बीला हरभरा घेता येतो. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीला देतात. कापसासारखी महिनोन् महिने वेचणी नाही. सोंगणी, सुडी आणि मळणी यंत्र एवढ्यात काम उरकतं. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या कोरडवाहू शेतीला हे पीक सोयीचं वाटलं, यात नवल नाही.

अडचण सुरू होते मळणीनंतर. मोंढ्यावर दाण्याची किंमत ठरते ती ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे यांवर. सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. त्या वर्षी क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनही बाजारातले दर बराच काळ त्याच्या खाली राहिले. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये ठरला, पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतात आणि दाणा काळा पडतो. शेतकऱ्याचं वर्ष असं दोन-तीन आठवड्यांत पालटून जातं.

मोंढ्यावरून माल जातो सॉल्व्हंट प्लांटमध्ये. तिथं दाणा चेपून त्याच्या पातळ पापड्या करतात आणि हेक्झेन या द्रावकात तेल विरघळवून काढतात. शंभर किलोमागं तेल साधारण अठरा किलो निघतं. उरलेल्या पेंडीत प्रथिन ४५ टक्क्यांच्या पुढं असतं, आणि तिचा मोठा भाग कोंबडीच्या खाद्यात किंवा निर्यातीत जातो. थोड्याशा तेलविरहित पिठाच्या यंत्रातून दाबाखाली सोया वड्या काढतात. आपल्या घरांत सोयाबीन प्रामुख्यानं याच रूपात पोचतं. म्हणजे जे प्रथिन पिकवायला शेतकरी राबतो, ते त्याच्या लेकरांच्या ताटात थेट येत नाही. ज्या मराठवाड्यात अंगणवाड्यांमधून कुपोषणाशी लढावं लागतं, तिथून हे प्रथिन ट्रक भरभरून बाहेर जातं. मला या विषयातलं सर्वांत जिव्हारी लागणारं वास्तव हे वाटतं.

सोयाबीन सरळ डाळीसारखं शिजवून का खात नाहीत, याला शास्त्रीय कारणं आहेत. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, ते प्रथिनांचं पचन रोखतात. लायपॉक्सिजिनेज या विकरामुळं त्याला एक उग्र वास येतो. भरपूर शिजवणं, भाजणं, दूध उकळणं आणि आंबवणं या सगळ्या क्रिया त्यावरचा उपाय आहेत. गव्हात सोयाबीन घालून दळणाऱ्या घरांनी ते आधी नीट भाजून घ्यावं, ते यासाठीच. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं ही अडचण वाणातूनच कमी करत आणली आहे. एनआरसी १२७ या वाणात पचन रोखणारा कुनिट्झ घटक नाही. एनआरसी १४२ मध्ये तो घटकही नाही आणि उग्र वासाला कारण होणारं एक विकरही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानंही सोयाबीनची अनेक वाणं दिली आहेत.

मधलं अंतर

जपान आपल्या गरजेच्या सोयाबीनपैकी दहावा हिस्साही स्वतः पिकवत नाही; बहुतेक माल अमेरिका, ब्राझील आणि कॅनडातून येतो. टोफू आणि मिसो करणारे तिथले उत्पादक जनुकीय बदल न केलेल्या, एकसारख्या, जास्त प्रथिनांच्या दाण्याला वेगळा भाव देतात. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, म्हणजे तेवढी एक अट आपला दाणा आपोआप पुरी करतो. बाकीच्या अटी कष्टाच्या आहेत. एका गावानं एकच वाण पेरणं, पावसापूर्वी सोंगणी साधणं, माल वेगळा साठवणं, दाणा फुटू न देणं. हे एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हे, शेतकरी उत्पादक कंपन्यांचं आहे. बियाण्याच्या बाबतीत तर जालन्याला कोणाकडून शिकायची गरज नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको सुरू केली आणि त्यांच्या बियाणं क्षेत्रातल्या कामाला १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जो जिल्हा देशाला बियाणं पुरवू शकतो, तो खाण्याच्या सोयाबीनचं शुद्ध बीजोत्पादन नक्कीच करू शकतो.

प्रक्रियेची सुरुवात मोठ्या यंत्रांपासून करावी लागत नाही. टोफूचा छोटा उद्योग बचत गटाच्या आवाक्यातला आहे. त्यात स्वच्छ पाणी, उकळण्याची सोय, दाबयंत्र आणि थंड साठवण लागते. टोफू लवकर नासतो, म्हणून आधी गावाजवळचं गिऱ्हाईक पाहावं. हॉटेलं, वसतिगृहं, चायनीजच्या गाड्या हे ते गिऱ्हाईक. पुढं शहरं आहेतच. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढं ठाणे जिल्ह्यापर्यंत पूर्ण झाला आणि जालना मुंबईच्या तोंडाशी आलं. शीतवाहनानं रात्री निघालेला माल सकाळी शहरात पोचू शकतो.

सॉस आणि मिसोसाठी मात्र घाई करू नये. कोजीची बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस या जवळच्या नात्यातल्या आहेत आणि दिसायलाही सारख्या. शुद्ध, तपासलेलं कल्चर आणि प्रयोगशाळेची साथ असल्याशिवाय घरात बुरशी वाढवून पाहणं धोक्याचं आहे. इथं परभणीचं विद्यापीठ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांच्या मार्गदर्शनाची गरज आहे. कोजीचं प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचा भाग व्हायला हवा.

आणि एक गोष्ट जालन्याच्या खास हक्काची. जपानमध्ये सोया सॉसमध्ये युझू किंवा सुदाची या लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळून पोंझू नावाची आंबट-खारट चटणी करतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. मोसंबीत आंबटपणा कमी, म्हणून सोबतीला लिंबू लागेल. पण मोसंबीचा सुगंध आणि आपल्याच सोयाबीनचा मुरवलेला सॉस एका बाटलीत आला, तर तो अस्सल जालन्याचा पदार्थ होईल. वांग यांनी मुंबईत मंच्युरियन केलं तेव्हा त्यांनी कोणाची नक्कल केली नव्हती. हाताशी होतं त्यातून नवं घडवलं होतं. जालन्यालाही तसं करायला कोणी अडवलेलं नाही.

युनेस्कोनं २०१३ मध्ये जपानच्या वाशोकू या पारंपरिक खाद्यसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या वारशाच्या मुळाशी आहे एक कडधान्य आणि त्याच्यावर पिढ्यान् पिढ्या धीरानं केलेलं काम. कडधान्य आपल्याकडं आहे, बियाण्याचं शास्त्र आहे, बाजारपेठ दारात आली आहे आणि शाकाहारी घरांना प्रथिनांची गरजही आहे. पुढचं पाऊल जिल्ह्यानं ठरवून उचलावं. एका तालुक्यात एक टोफू केंद्र, एका उत्पादक कंपनीत खाण्याच्या वाणाचं बीजोत्पादन, शालेय पोषण आहारात नीट शिजवलेल्या सोयाबीनचा एक पदार्थ. मुंबईच्या रेस्टॉरंटात जालन्याचा टोफू जाईल तेव्हा आनंदच होईल. पण मंठ्याच्या शाळेतल्या मुलाला आपल्या रानातलं प्रथिन मिळणं, हे त्याआधी व्हायला हवं.